चूक दिसते एकाला, कळायला हवी दुसऱ्याला

जुनी उर्दू पुस्तके ज्यांनी चाळली आहेत त्यांना 'गलतनामा' ठाऊक असेल. लिथोवर छापलेल्या पुस्तकाच्या अखेरीस एक कोष्टक असे: पान अमुक, ओळ अमुक, छापले आहे ते असे, वाचावे असे. मराठी पुस्तकांत त्यालाच शुद्धिपत्र म्हणतात. छपाई झाल्यावर कातिबाची चूक सापडली तर सगळ्या प्रती रद्दीत घालणे परवडत नसे, आणि चूक झाकून पुस्तक विकणे बरे दिसत नसे. मग मधला मार्ग निघे. चूक नेमकी कुठे आहे ते वाचकाला सांगायचे आणि पुढचे त्याच्यावर सोपवायचे.

कंप्युटरच्या जगात या कामाला 'एरर हँडलिंग' म्हणतात. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारा. मी या विषयावर का लिहितो आहे असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. आमच्या माणगाव तालुक्यातच लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आमच्याकडे शिकलेली काही मुले-मुली तिथे किंवा मुंबई-पुण्याला कंप्युटर शिकतात. सुट्टीत भेटली की आपले प्रोजेक्ट दाखवतात. प्रोग्रॅम चालला की खूश होतात. तो चालला नाही तर काय होईल, असे विचारले की म्हणतात, "सर, ते शेवटी टाकू." या 'शेवटी टाकू'मुळे मी हा इतिहास वाचत गेलो, आणि तो केवळ तंत्रज्ञांचा नाही हे हळूहळू कळत गेले.

आधी एक शब्द समजून घेऊ. 'लायब्ररी' म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. फाइल उघडणे, ती वाचणे, नेटवर्कवरून निरोप पाठवणे, मेमरी मागून घेणे ही कामे प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून कुणीतरी एकदाच नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे वापरतात. अशा तयार कामांचा संच म्हणजे लायब्ररी. यातल्या काही लायब्रऱ्या यंत्राच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी लगत बसून काम करतात. बँकेपासून मोबाइलपर्यंत सगळे त्यांच्यावर उभे असते, पण त्या कुणाला दिसत नाहीत.

आता समजा, एका प्रोग्रॅमने लायब्ररीला सांगितले, 'हजेरी' नावाची फाइल उघड. फाइल जागेवर नाही. वरच्या प्रोग्रॅमचा आज पहिलाच दिवस असेल तर फाइल नसणे स्वाभाविक आहे. नवी कोरी फाइल करून कामाला लागायचे. पण तोच प्रोग्रॅम वर्षअखेरीस निकाल लावायला बसला असेल तर हजेरी गायब होणे ही मोठी आपत्ती आहे, आणि तिथे गुपचूप नवी कोरी फाइल तयार करणे म्हणजे वर्षभराच्या नोंदीवर पाणी सोडणे. लायब्ररीला यातले काहीच ठाऊक नसते. तिला फक्त 'फाइल नाही' एवढे दिसते. काय करायचे ते ज्याला ठाऊक आहे, त्याला फाइल दिसत नाही. चूक ज्याला दिसते तो आणि निर्णय ज्याने घ्यायचा तो, असे हे दोघे वेगळे असतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत निघालेल्या सगळ्या रीती या दोघांमधला निरोप खरा आणि वेळेवर कसा पोचेल, या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

निरोपाची वाटच नसेल तर काय होते, हे आपल्या रायगडच्या किनाऱ्याला वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावस्येचा दिवस. 'रामदास' बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, पावसाळी समुद्रात ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. जवळून जाणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना उचलले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबई बंदर इतक्या जवळ असूनही तिथे कुणाला काही कळले नाही. पोहत, तरंगत काही माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा, दुपार उलटल्यावर, बातमी पोचली. बोट बुडाली हे एक संकट. ती बुडाल्याचे सांगणारे काही नव्हते हे दुसरे, आणि हे दुसरे माणसाच्या हातातले होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्या सकाळी गप्प समुद्राचा अर्थ 'सगळे ठीक' असा घेतला.

कंप्युटरच्या सुरुवातीच्या दिवसांत हा प्रश्न असा नव्हता. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाचे एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. तयार कामांची लायब्ररी ही कल्पना तिथेच रुजली. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर ही कामे असत आणि त्या पट्ट्या कपाटात ठेवलेल्या असत. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली असेच यंत्र घडवले गेले. ते १९६० मध्ये पूर्ण झाले आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणारा बहुधा यंत्रापासून फार लांब नसे. गणित अडले की यंत्र थांबे, आणि का थांबले हे शोधणारा माणूस जवळपासच असे. विल्क्स यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे एके दिवशी जिना चढताना त्यांना उमगले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरच्या चुकांचे निदान कसे करावे यावर १९५१ मध्येच शोधनिबंध लिहिला. चूक पाहणारा आणि निर्णय घेणारा तेव्हा बरेचदा एकच माणूस होता. पुढे प्रोग्रॅमवर प्रोग्रॅम, लायब्ररीवर लायब्ररी असे मजले चढत गेले आणि या दोघांतले अंतर वाढले.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी ही भाषा घडली. तिथली रीत अशी: लायब्ररीला काम सांगितले की ती एक संख्या परत देते. काम झाले नाही तर बहुधा उणे एक. का झाले नाही याचा क्रमांक 'एररनो' नावाच्या एका ठरलेल्या जागी लिहून ठेवते. २ म्हणजे अशी फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. अख्खा प्रोग्रॅम संपताना मात्र शून्य सांगितले तर यश आणि दुसरी कोणतीही संख्या म्हणजे अपयश. यामागचा विचार मला आवडला: काम नीट होण्याचा एकच प्रकार असतो, फसण्याचे अनेक, म्हणून संख्या अपयशासाठी राखून ठेवायच्या.

ही रीत साधी, हलकी आणि वेगवान. आजही जगातली बहुतेक पायाभूत सॉफ्टवेअरे तिच्यावर चालतात. पण तिच्यात तीन भोके आहेत.

पहिले भोक असे की, परत आलेली संख्या पाहण्याची सक्ती नाही. लायब्ररी 'उणे एक' म्हणते, वरचा प्रोग्रॅम ऐकतच नाही आणि पुढे चालू लागतो. फाइल लिहिली गेलेली नसते, पण पडद्यावर 'जतन केले' असे झळकते.

दुसरे भोक शिक्षकांना चटकन समजेल. सी भाषेत अक्षरांत लिहिलेल्या आकड्याची संख्या करणारे 'एटोआय' नावाचे एक जुने काम आहे. त्याला '४५' दिले की ते पंचेचाळीस ही संख्या देते. '०' दिले की शून्य देते. आणि 'अबक' दिले तरी शून्यच देते. आता शून्य आले तर ते खरे शून्य की वाचता न आल्याचे शून्य? गुणपत्रकात आपण हा घोळ होऊ देत नाही. पेपरला बसून शून्य मिळालेल्या मुलासमोर '०' लिहितो आणि आलाच नाही त्याच्यासमोर 'गैरहजर'. दोन्हींचे गुण सारखेच, पण एकाला शिकवायला हवे आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन यायला हवे. गैरहजर मुलासमोर कुणी '०' लिहिले तर वर्गाची सरासरी काढणाऱ्याला संशयसुद्धा येणार नाही. टोनी होअर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी 'नल', म्हणजे कशाकडेच न दाखवणारा निर्देश, आणला तोही याच जातीचा. ती आपली अब्जावधी डॉलरची चूक होती असे त्यांनी २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःच गलतनामा जोडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

तिसरे भोक 'एररनो'चे. ती वर्गातल्या एकाच सामाईक पाटीसारखी आहे. शेवटी ज्याने लिहिले त्याचेच राहते आणि काम नीट झाले तर पाटी कुणी पुसत नाही. त्यातून युनिक्सवाल्यांमध्ये प्रसिद्ध झालेला एक विनोद घडला. पत्ता चुकल्यामुळे टपाल पोचले नाही तरी कधी कधी निरोप येई, 'हे टाइपरायटर नाही'. कारण मधल्या एका कामाने सहज तपासले होते की समोर टर्मिनल आहे का. ते नव्हते, म्हणून पाटीवर तसा क्रमांक लिहिला गेला. नंतर खरी अडचण आली तेव्हा प्रोग्रॅमने पाटीवरचे जुनेच वाचून दाखवले. चूक कळवली गेली, पण भलतीच.

याला उतारा म्हणून दुसरी रीत पुढे आली. तिची बीजे १९६० च्या दशकातल्या पीएल/वन भाषेत होती. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये तिची नीट मांडणी केली, आणि एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेने ती प्रत्यक्षात आणली. तिला 'एक्सेप्शन' म्हणतात. चूक झाली की लायब्ररीने संख्या परत द्यायची नाही. धोक्याची घंटा वाजवायची. घंटा वाजली की चालू काम तिथेच थांबते आणि वरच्या मजल्यांवर शोध सुरू होतो की ही घंटा कोण हाताळणार. कुणीच पुढे आले नाही तर प्रोग्रॅम बंद पडतो. दुर्लक्ष करून पुढे जाणे इथे अवघड झाले, हा मोठा फायदा. पुढे सी प्लस प्लस आणि जावा या भाषांनी हीच वाट धरली. जावाने तर नियम केला की, ठरावीक प्रकारच्या चुका एखादे काम करू शकत असेल तर ते त्याच्या माथ्यावर जाहीर करावे आणि वापरणाऱ्याने त्याची तजवीज दाखवावी.

नियम चांगला होता, पण माणसांनी पळवाट काढली. घंटा पकडायची आणि आत काहीच करायचे नाही, असा रिकामा चौकोन लिहून ठेवायचा. नियमाची पूर्तता झाली आणि चूक पोटात गेली. शाळेत तपासणी येणार म्हटल्यावर आम्ही शिक्षक कधी कधी जशी कागदपत्रे पूर्ण करतो, तसाच हा प्रकार. सी शार्प भाषा घडवणाऱ्यांनी हे पाहून तसली सक्ती ठेवलीच नाही.

घंटेच्या रीतीत आणखी एक प्रश्न उभा राहिला. काम अर्ध्यावर थांबले, तर मागे काय उरले? एका रजिस्टरमधून विद्यार्थ्याचे नाव काढले आणि दुसऱ्यात चढवण्याआधी घंटा वाजली, तर तो मुलगा आता कोणत्याच वर्गात नाही. डेव्हिड अब्राहम्स यांनी १९९० च्या दशकात सी प्लस प्लसच्या लायब्ररीच्या निमित्ताने यासाठी तीन हमी मांडल्या. किमान हमी: चूक झाली तरी काही मोडून पडणार नाही, माहिती वापरण्याजोगी राहील. भक्कम हमी: काम पूर्ण होईल, नाहीतर जणू सुरूच झाले नव्हते अशी स्थिती राहील. तिसरी हमी: हे काम फसणारच नाही. लायब्ररीच्या प्रत्येक कामाने यातली कोणती हमी आपण देतो ते सांगावे. मला ही मांडणी व्यवहाराच्या करारासारखी वाटते. देणे-घेणे फिसकटले तर कोणाकडे काय राहील, हे आधीच ठरलेले असावे.

चूक कळवणे आणि ती नीट ऐकली जाणे यातले अंतर ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. युरोपचे एरियान-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुरुवातीपासून चाळीसेक सेकंदांत फुटले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत एरियान-४ वरचा जुना, आजमावलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा वापरला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो मोजणारी ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना मावली नाही. अशा सात संख्या धोक्यात येऊ शकतात हे आधी माहीत होते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणून त्यातल्या चारच संख्यांना संरक्षण दिले होते. एक्सेप्शन उठले, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे यंत्रणा बंद झाली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच प्रोग्रॅम असल्यामुळे ती त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. बंद पडताना यंत्रणेने आपल्या बिघाडाची माहिती पाठवली. मुख्य कंप्युटरने ती माहिती उड्डाणाचे आकडे समजून वाचली आणि नसलेली दिशा सुधारण्यासाठी रॉकेट जोरात वळवले. चौकशी समितीने नोंदवलेली आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या गणितात ही चूक झाली, ते गणित उड्डाणानंतर एरियान-५ ला उपयोगाचेच नव्हते.

या हकीकतीत निरोप गेला होता. पण 'मी बिघडलो आहे' आणि 'आपण इतके कललो आहोत' ही दोन वाक्ये एकाच तारेवरून, एकाच रूपात गेली. गैरहजर आणि शून्याचाच हा घोळ, अवकाशात झालेला.

अलीकडच्या भाषांनी यावरून धडा घेतला. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लायब्ररीचे काम एक बंद लिफाफा परत देते. आत एक तर उत्तर असते, नाहीतर चूक. लिफाफा उघडून कोणते आहे ते पाहिल्याशिवाय उत्तर हाती लागत नाही, आणि लिफाफा तसाच टाकून दिला तर भाषेचा अनुवादक, म्हणजे कंपायलर, इशारा देतो. चूक वरच्या मजल्याकडे सोपवायची असेल तर एक प्रश्नचिन्ह लिहिले की पुरते. या कल्पनेची मुळे एमएल आणि हॅस्केल या जुन्या भाषांत आहेत. रस्टने चुकांचे दोन वर्गही ठळकपणे वेगळे केले. फाइल नाही, नेटवर्क तुटले, ही जगाची परिस्थिती. ती वर कळवायची. पण प्रोग्रॅमचाच हिशोब चुकला, नसलेल्या पाचव्या मुलाला हाक मारली, तर ती लिहिणाऱ्याची चूक. तिथे पुढे रेटण्यापेक्षा थांबलेले बरे.

थांबणे हेही उत्तर असू शकते, हे रेल्वेने कंप्युटरच्या फार आधी ओळखले. इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे जानेवारी १८७६ मध्ये अपघात झाला. त्या काळी सिग्नल एरवी 'जा' असाच ठेवत आणि गरज पडली तर 'थांबा' करत. त्या रात्री बर्फामुळे हात 'जा' वरच अडकले. त्यानंतर रीत उलटी झाली: एरवी 'थांबा', आणि मार्ग मोकळा असल्याची खात्री झाली तरच 'जा'. सिग्नलची तार तुटली तर हात आपल्या वजनाने 'थांबा'वर यावा अशी रचना रूढ झाली. आज आपल्या माणगाव स्टेशनवरून कोकण रेल्वेच्या गाड्या जातात, त्यांच्या चालकांनाही हाच नियम आहे. विझलेला सिग्नल म्हणजे 'जा' नव्हे. गप्प यंत्राचा अर्थ 'सगळे ठीक' असा घ्यायचा नाही.

मुंबईत याची कसोटी २४ फेब्रुवारी २०२१ रोजी लागली. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशाप्रमाणे, दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या बिघडल्या होत्या. जवळच्या राखीव केंद्राशी असलेली जोडणी तुटली तरी मुख्य केंद्रातली माहिती साठवणारी यंत्रणा चालू राहावी अशी रचना होती. प्रत्यक्षात ती यंत्रणा अनपेक्षित वागली आणि मुख्य केंद्रातलीच माहिती हाती लागेना. जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली, म्हणून व्यवहार थांबवावे लागले. ते दुपारी पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालले. जोखीम न तपासता व्यवहार चालू ठेवण्यापेक्षा थांबणे योग्यच होते. फसली ती खालची पायरी. राखीव वाट तुटली की आपण काय करायचे, हे तिला कागदावर ठाऊक होते, प्रसंगात नव्हते. ज्या वाटेने रोज कुणी जात नाही ती वाट ऐन वेळी चालेल की नाही, हे मुद्दाम चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. एरर हँडलिंगचा भाग हा कोणत्याही प्रोग्रॅममधला सर्वांत कमी चाललेला रस्ता असतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो. हे मजले चढत चढत निरोप शेवटी एका माणसापर्यंत येतो, आणि तिथे त्याचे काय होते? आमच्या भागातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका संकेतस्थळावर अडकला. पडद्यावर एवढेच येई: 'काहीतरी चुकले. नंतर प्रयत्न करा.' आई चार वेळा रोज बुडवून सायबर कॅफेत गेली. खरी अडचण वडिलांच्या नावाची होती. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर नुसते मो. आमच्या घरांत हे नित्याचे आहे. उर्दूतले एक नाव मराठीत तीन तऱ्हांनी आणि इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिले जाते. त्यात लबाडी नसते, लिपी बदलताना असे होते. नाव जुळत नाही हे यंत्रणेच्या खालच्या मजल्याला नक्की दिसले होते, म्हणून तर त्याने अर्ज अडवला. मधल्या कुठल्यातरी मजल्याने त्या नेमक्या निरोपाचे 'काहीतरी' करून टाकले. 'नंतर प्रयत्न करा' हा सल्ला तर सरळ चुकीचा होता. हजार वेळा प्रयत्न केला असता तरी नाव आपोआप जुळणार नव्हते. मुदत मात्र संपत होती.

कधी कधी तपशील मुद्दाम लपवावा लागतो, हे मान्य. पासवर्ड चुकला की नाव चुकले ते सांगितले तर चोराला मदत होते. पण ज्याचा अर्ज त्याला त्याची त्रुटी सांगण्यात कुणाचे काय जाते? आपल्या कोकणाला यासाठी लांब पाहायला नको. मुंबईहून, बोटीवरून, आखातातून आलेल्या पैशांवर इथली घरे चालली. मनीऑर्डर परत गेली तर तिच्यावर पोस्टमनचा शेरा असे: पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार. कुठल्या पोस्टातून कधी फिरली त्याचे शिक्के असत. 'काहीतरी चुकले' असा शेरा मारून मनीऑर्डर परत केल्याचे कधी कुणाच्या ऐकिवात नाही. पाठवणारा शेरा वाचून पुढे काय करायचे ते ठरवत असे.

चांगल्या लायब्ररीतली चूक त्या पाकिटासारखी वर यायला हवी. खालचा मजला म्हणतो, 'परवानगी नाही.' मधला जोडतो, 'नववीची हजेरी उघडताना.' वरचा जोडतो, 'वार्षिक निकाल तयार करताना.' मग वाचणाऱ्याला कळते: वार्षिक निकाल तयार करताना नववीची हजेरी उघडायला परवानगी मिळाली नाही. कुणीही मूळ कारण खोडलेले नाही, आणि प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेले तेवढेच भरले आहे.

लोणेऱ्याला आणि बाहेर शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणून माझे सांगणे आहे. तुम्ही उद्या अशा लायब्रऱ्या लिहाल, नाहीतर वापराल. प्रत्येक कामापाशी चार प्रश्न विचारा. हे फसले तर वरच्याला कळेल का? फसणे आणि खरे उत्तर यांत गल्लत होईल का? अर्ध्यावर फसले तर मागे काय उरेल? आणि हा निरोप शेवटी ज्या माणसाच्या पडद्यावर जाईल, त्याला त्यातून पुढची कृती कळेल का? चौथा प्रश्न पुस्तकांत थोडक्यात येतो. पण तुमच्या घरात, मोहल्ल्यात त्याची उत्तरे न मिळालेली माणसे तुम्ही पाहिली आहेत, म्हणून तो तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल. आज रात्री आपल्या प्रोजेक्टमधले रिकामे चौकोन शोधा आणि त्यांत काहीतरी खरे लिहा.

आणि वाचकांना एक विनंती. अर्ज भरताना, रेशनच्या मशिनवर, बँकेच्या ॲपवर तुम्हाला आलेले असे न कळणारे निरोप मला लिहून पाठवा. खरे कारण पुढे काय निघाले तेही कळले असेल तर जरूर लिहा. नववी-दहावीच्या मुलांना मी ते मराठीत आणि उर्दूत नीट लिहायला देणार आहे. सोप्या भाषेत अडचण सांगता येणे हा भाषेच्या तासाचाच अभ्यास आहे.